मदत हवी आहे: नोटिफिकेशन बंद केले तरी मेल येऊनच राहिले

आंबिया_बहार

नमस्कार मंडळी. मी नागपुरात प्रतापनगरला राहतो. वडिलांची संत्र्याची बाग काटोलकडे आहे. नोकरीमुळे मला शनिवार-रविवारच जमतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी संत्रा-मोसंबीवाल्यांच्या एका ऑनलाइन समूहात नाव नोंदवलं. कोळशी असो की फळगळ, विचारलं की तासाभरात कुणीतरी सांगतं. त्यामुळे तो सोडायचा नाही. 'खातं डिलीट करा' हा सल्ला कृपया नको.

झालं असं, मे महिन्यात एकानं डिंक्याबद्दल (झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो तो रोग) विचारलं. मी आपलं सरळ लिहिलं : पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो लेप लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. बस. त्यावर लोक जे पेटले! चुना कळीचाच पाहिजे का, लोखंडी बादली चालते का (चालत नाही, बाप्पा!), मोरचूद चुन्यात ओतायचं की चुना मोरचुदात. आणि प्रत्येकाच्या प्रत्येक उत्तराचा मला एक मेल. एका रविवारी सकाळी मोजले, ६३ निघाले. फोन टेबलावर चार्जिंगला होता, तो थरथरत थरथरत कडेपर्यंत आला अन् आईनं झेलला.

हसून सोडून दिलं असतं, पण या गर्दीत वडिलांच्या विम्याच्या हप्त्याचा मेल बुडाला. दंड भरावा लागला. वर, "तुह्या मोबाइलवर काय काय येऊन रायते बे," हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

लॅपटॉपवर समूहाच्या सेटिंगमध्ये जाऊन ईमेलच्या सगळ्या खुणा काढल्या, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिलं, खुणा निघालेल्याच होत्या. मेल मात्र चालूच. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'सूचना बदला' आहे, ते दाबलं की तेच सेटिंगचं पान उघडतं, अन् तिथे तर सगळं बंद! जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते अनसबस्क्राईब येतं ना, या मेलला ते येत नाही. वैतागून स्पॅम केलं. मग पासवर्ड विसरलो तेव्हा नवीन पासवर्डची लिंकही स्पॅममध्ये जाऊन बसली. दोन दिवस मी समूहवाल्यांनाच शिव्या देत होतो.

काय चुकून राहिलं माझं?

खस_आणि_कूलर

नवीन मेल आयडी काढा, जुना समूहाला देऊन टाका. विषय संपला.

आंबिया_बहार

बँक, आधार, पॅन, सगळं त्याच आयडीवर आहे भाऊ. विषय तिथून सुरू होईल.

बर्डीवरचा_वायरमन

आधी स्पॅममधून ते मेल बाहेर काढा आणि 'स्पॅम नाही' दाबा. तुमच्या समूहाचे उत्तरांचे मेल आणि पासवर्डचे मेल बहुधा एकाच पत्त्यावरून येतात. तुम्ही एकाला स्पॅम म्हटलं की जीमेल दुसऱ्याकडेही संशयानं पाहतं.

त्यापेक्षा फिल्टर लावा. लॅपटॉपवर जीमेल उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाला चिन्ह आहे ते दाबा. पाठवणाऱ्यात समूहाचा पत्ता टाका. पण नुसत्या पत्त्यावर थांबू नका, नाहीतर पासवर्डची तीच गत. विषयाच्या रकान्यात असा शब्द टाका जो फक्त उत्तरांच्या मेलमध्येच असतो, समजा 'नवीन उत्तर'. आधी फक्त शोधून बघा, नको तो मेल जाळ्यात येत नाही ना. मग फिल्टर बनवा : इनबॉक्स वगळा, आणि 'संत्रा' असं लेबल द्या. जुन्या मेलनाही लागू करा ही खूण विसरू नका, त्या एका टिचकीत तुमचे ६३ पण बाजूला जातील. डिलीट लावू नका. कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, मग कामाचं एखादं उत्तर परत मिळत नाही.

फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, शोधत बसू नका. लॅपटॉपवर बनवलेला फोनवरही चालतो.

अनसबस्क्राईबचं बटण न दिसण्याचं कारण साधं आहे. मेल पाठवणाऱ्यानं तशी सोय मेलमध्ये भरलेली असेल तरच जीमेल ते दाखवतं. २०२४ पासून गूगलनं ती सक्तीची केली, पण ती दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना. संत्र्यावाल्यांचा समूह कुठला तेवढा पाठवतो!

तर्री_पोहे_पहाटे

वायरमनदादा, फिल्टर बरोबर आहे, पण छत गळतंय अन् आपण खाली बादली ठेवून राहिलो. सेटिंगमध्ये सगळं बंद असूनही मेल येतात, म्हणजे सेटिंग एकाचं आणि मेल दुसऱ्याचे.

आंबियादादा, दोन गोष्टी सांगा. फोनवर आणि लॅपटॉपवर समूहात लॉगिन एकाच पद्धतीनं करता का? आणि आलेला कुठलाही एक मेल उघडा, पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा, 'प्रति'समोर तुमचा जो पत्ता दिसेल तो अक्षर न् अक्षर वाचा. घाई करू नका.

आंबिया_बहार

फोनवर मेल आणि पासवर्ड टाकून. लॅपटॉपवर 'गूगलने लॉगिन करा'.

पत्ता माझाच आहे ताई. फक्त नाव आणि आडनावाच्या मध्ये एक टिंब आहे. मी एरवी टिंब देत नाही. पण त्यानं काय होते?

तर्री_पोहे_पहाटे

तेच तर! जीमेल टिंब मोजत नाही. टिंब द्या, नका देऊ, पत्र तुमच्याच घरी येतं. पण समूहाच्या वेबसाइटला ते कळत नाही, तिच्यासाठी ती दोन वेगळी माणसं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही टिंब देऊन खातं काढलं असणार, ते फोनवर चालू आहे. लॅपटॉपवर गूगलनं लॉगिन केलं तेव्हा बिनटिंबाचं दुसरं खातं तयार झालं. डिंक्यावर तुम्ही फोनवरून लिहिलं आणि सूचना लॅपटॉपवरच्या खात्याच्या बंद केल्या. तळाची लिंकही लॅपटॉपवर उघडली की ज्या खात्यानं तुम्ही आत आहात त्याचंच पान दाखवते.

फोनवरून सेटिंगमध्ये जा. मला वाटतं तिथे 'ज्या चर्चेत लिहिलं ती आपोआप फॉलो करा' चालू असेल. ते बंद करा, आणि 'मला थेट उत्तर दिल्यास कळवा' एवढंच ठेवा.

आंबिया_बहार

ताई, दंडवत घ्या. फोनवर उघडलं तर सगळ्या खुणा जशाच्या तशा, एकूण अकरा! नऊ काढल्या. प्रोफाइलला पाहतो तर नाव दोन्हीकडे माझंच, फक्त एकाच्या पुढे २ आकडा. इतके दिवस दिसला नाही. लॅपटॉपवालं खातं बंद करून टाका म्हणून समूहाच्या अ‍ॅडमिनला लिहिलं आहे.

काल सकाळपासून दोन मेल आले. दोन्ही मलाच उद्देशून, दोन्ही कामाचे. वायरमनदादांचा फिल्टरही लावून ठेवला, अन् विम्याच्या मेलला वेगळं लेबल, तारांकित.

बर्डीवरचा_वायरमन

छान. टिंबाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. लेप लावला की नाही शेवटी?

आंबिया_बहार

लावला. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, प्लास्टिकच्या बादलीत कालवून. प्रमाण १:१:१० च. तिथे मात्र हे लिहिलं नाही.