तक्रार जॉब कार्डावर आलीच पाहिजे
नव्या गाडीच्या इंजिनातून तेल झिरपतंय, शोरूमवाले दर वेळी पुसून 'नॉर्मल आहे' म्हणतात आणि वॉरंटी संपत आलीय, हे तुमचं वाचून फार संताप आला.

वॉरंटीची मुदत संपायच्या आत हा दोष कागदावर आणा, बाकी सगळं नंतर. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉब कार्डावर, म्हणजे गाडी कामाला देताना तक्रारी नोंदवतात त्या कागदावर, नुसतं 'जनरल चेकअप' लिहून सही मागतो. तिथे अजिबात सही करू नका. 'सिलिंडर हेडपाशी तेलगळती, आधीही तक्रार केली होती' असं किलोमीटर आणि तारखेसकट लिहायला लावा आणि प्रत घेऊनच निघा. पुढे तेच म्हणतात, 'तुम्ही वॉरंटीत असताना बोललाच नाहीत!' गळतीचे फोटोही काढून ठेवा.

वॉरंटी मुळात कंपनीची असते, त्यामुळे दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं मतही घ्या. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, फोनवर भागवू नका. फ्री सर्व्हिस वेळेत झाल्याच्या नोंदी सोबत जोडा, कारण क्लेम नाकारायला पहिलं निमित्त तेच शोधतात.

तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. गाडीसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दावा लावायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची.

आधीच्या जॉब कार्डांवर नेमकं काय लिहिलंय ते सांगाल का? त्यावर ईमेलचा मसुदा ठरवता येईल.