मदत हवी आहे : बाबांची शुगर आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल

नमस्कार मंडळी,

बाबांना टाइप २ मधुमेह आहे, बऱ्याच वर्षांपासून. मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळी ग्लिमेपिराइड आणि बीपीची एक गोळी. गेल्या महिन्यातले रिपोर्ट : एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८, उपाशीपोटी १४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०. वय ६८. आम्ही अलिबागकडचे, त्यामुळे घरात मासे नेहमीचेच.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ फिश ऑइलच्या कॅप्सूल विकतात. 'तीन महिन्यांत शुगर नॉर्मल, मग गोळ्या सोडा' असं त्यांनी बाबांना सांगितलंय. डबा महाग आहे, पण पैशाचं मी मनावर घेत नाही. काळजी वेगळीच आहे. बाबा आता संध्याकाळची मेटफॉर्मिन बंद करून बघतो म्हणतायत.

डब्याच्या पुढे मोठ्या अक्षरांत १००० मिग्रॅ लिहिलंय. मागे बारीक अक्षरांत एका कॅप्सूलमध्ये ईपीए १८० मिग्रॅ आणि डीएचए १२० मिग्रॅ. बाबा दोन सकाळी, दोन रात्री घेतात.

नेटवर वाचायला बसले तर कुठे शुगर कमी होते म्हणतात, कुठे उलट वाढते म्हणतात. खरं काय? ट्रायग्लिसराइडसाठी तरी उपयोग होतो का? की सरळ बांगडे खावेत? आणि बाबांचा त्या गृहस्थांवर फार विश्वास आहे, न दुखावता कसं समजावू? कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

पथ्यपाणी :
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, रोज मधुमेहाचेच लोक बघते. सगळ्यात आधी : मेटफॉर्मिन बंद करू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

फिश ऑइलने शुगर कमी होत नाही. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ८३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात १ लाख २१ हजारांहून जास्त लोक होते. ओमेगा-३ (फिश ऑइलमधला मुख्य घटक, ईपीए आणि डीएचए हे त्याचेच प्रकार) वाढवल्याने मधुमेह टळण्यात किंवा आटोक्यात येण्यात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही, एचबीए१सीमध्येसुद्धा नाही. वाढते असं जे तुम्ही वाचलंत ते १९८० च्या दशकातल्या छोट्या अभ्यासांवरून आलंय. त्यात डोस खूप मोठे होते. या आढाव्यातही दिवसाला ४.४ ग्रॅमच्या वर ओमेगा-३ गेलं तर शुगरवर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी शंका व्यक्त केली आहे. बाबांचा हिशोब करा : एका कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून ३०० मिग्रॅ, म्हणजे चारांचे १.२ ग्रॅम. पुढे लिहिलेले १००० मिग्रॅ हे सगळ्या तेलाचं वजन आहे, ओमेगा-३ चं नाही. एवढ्याने शुगर वाढण्याची भीती नको आणि कमी होण्याची आशाही नको.

हृदयासाठी म्हणून कोणी सांगत असेल तर ऑक्सफर्डची 'असेंड' चाचणी आहे, २०१८ ची. मधुमेह असलेले पण हृदयविकार नसलेले १५,४८० लोक, रोज १ ग्रॅमची कॅप्सूल, सरासरी सात वर्षांहून जास्त काळ. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गंभीर घटना ओमेगा-३ घेतलेल्या गटात ८.९ टक्के, न घेतलेल्यात ९.२. हा फरक धरण्यासारखा नाही.

ट्रायग्लिसराइडची गोष्ट मात्र वेगळी. तिथे ओमेगा-३ खरंच काम करतं, पण दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतं. या डब्यातून ४ ग्रॅम मिळवायचे तर रोज तेरा-चौदा कॅप्सूल होतील! त्यासाठी डॉक्टर जे लिहून देतात ते शुद्ध केलेलं औषध असतं. ते कोणाला द्यायचं हे ते हृदयाचा धोका बघून ठरवतात, कारण मोठ्या डोसला काही जणांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. शुगर बिघडली की ट्रायग्लिसराइडही चढतात. म्हणजे संध्याकाळची गोळी सोडली तर ज्या आकड्यासाठी कॅप्सूल घ्यायची तोच आकडा वर जाईल. २६० कमी करायचे असतील तर आधी शुगर, भात-पोळीचं प्रमाण, गोड, मद्य घेत असतील तर ते, आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या.

तिरफळ :
मी मालवणचा, माशांपुरतं सांगतो. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे, ओमेगा-३ यांच्यातच जास्त. आठवड्यातून दोनदा खाल्ले तर उत्तमच. पण रव्यात घोळवून तव्यावर तेल सोडून भाजलेला बांगडा आणि तिरफळ घातलेलं तिखलं यांत बराच फरक आहे. तिखल्याला तेल लागत नाही म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे आईची शुगर माशाने कधी वाढली नाही, वाढली ती माशाच्या कढीबरोबर ताटात येणाऱ्या भाताने. कढी चांगली झाली की भात दुसऱ्यांदा घेतला जातोच. आता आई भात एकदाच वाढून घेते आणि पातेलं आत ठेवते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुकं काढतात. बाबांना बीपी आहे तर खारा बांगडा जपून, त्यात मीठ फार.

अंगणवेल :
मध्येच विचारते, आम्ही शाकाहारी. जवसाची चटणी रोज खातो, ती चालेल का त्याऐवजी?

पथ्यपाणी :
चटणी खाच, तंतू मिळतात. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्यातलं थोडंसंच ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं. डॉक्टरांनी घ्यायला सांगितलंच तर शैवालापासून काढलेलं तेल मिळतं.

उंबरठा :
समजावण्याबद्दल. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, फक्त तिथे काढा होता. कॅप्सूल वाईट आहेत, तो माणूस फसवतोय, असं काही बोलू नका. त्यांनी मैत्रीतून घेतलंय, मग ते मैत्रीच वाचवायला बघतील. वाद फक्त गोळीपुरता ठेवा. त्यांना एवढंच विचारा : बाबा, कॅप्सूल सुरू केली आणि त्याच वेळी गोळी बंद केली, तर फरक कशाने पडला हे कळणार कसं? सासऱ्यांना हे पटलं. 'गोळ्या तशाच ठेवून तीन महिन्यांनी एचबीए१सी करू, मग काय ते डॉक्टर ठरवतील,' यावर ते आले. तीन महिने यासाठी की त्याआधी ही तपासणी पुरतं चित्र दाखवत नाही. आणि डबा डॉक्टरांकडे घेऊन जा. तोंडी सांगितलं की 'व्हिटॅमिन घेतात' एवढंच पोचतं.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि 'बरं, गोळी चालू ठेवतो' म्हणाले. रात्री जेवणानंतर घेतली, मी समोरच होते. कॅप्सूल मात्र सोडणार नाही म्हणतात, डबा संपेपर्यंत. पथ्यपाणी, तुमचा तेरा-चौदा कॅप्सूलचा हिशोब त्यांनी स्वतः कागदावर मांडून बघितला.

एक राहिलंच. ते ऍस्पिरिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी गोळी) पण घेतात, मी वर लिहायला विसरले. त्याबरोबर या कॅप्सूल चालतात का? डॉक्टरांची वेळ शनिवारी मिळाली आहे.

पथ्यपाणी :
एवढ्या डोसला रक्तस्रावाचा धोका सहसा फारसा वाढत नाही, पण हे शनिवारी नक्की सांगा. दात काढायचा असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेही. आधी कधी पोटात रक्तस्राव झाला असेल किंवा आता हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर उगीच निळे डाग पडत असतील, तर शनिवारपर्यंत कॅप्सूल थांबवा. त्या थांबवल्याने काही नुकसान नाही. ऍस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका. छातीत धडधड होते का तेही बाबांना विचारून ठेवा. होत असेल तर शनिवारची वाट न बघता आधीच दाखवा, ईसीजी काढतील. आणि घरी मोजलेल्या शुगरची वही असेल तर तीसुद्धा डब्याबरोबर न्या.