मदत हवी आहे: स्पेन, सासूबाई सोबत
लेक वालेन्सियात मास्टर्स करतेय. एप्रिलमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात) तिच्याकडे जातोय. वालेन्सियाहून वेगवान रेल्वेने माद्रिद, मग कोर्दोबा, सेव्हिल, ग्रॅनाडा असं डोक्यात आहे. बार्सिलोना गाळावं का? जीव होत नाही, पण धावपळही नको.

ग्रॅनाडातल्या आल्हाम्ब्रा किल्ल्यात, नसरीद सुलतानांच्या महालांत तिकिटावरच्या वेळेलाच आत सोडतात, ते कळलं. तिथलं चालणं सासूबाईंना झेपेल का? शिवाय त्या पक्क्या शाकाहारी. तिकडे तोर्तिया म्हणतात त्या बटाट्याच्या पदार्थातही अंडं, आणि रात्रीचं जेवण साडेआठ-नऊशिवाय मिळत नाही म्हणे! म्हणून स्वयंपाकघरवालं घरच घेऊ. छोटा कुकर बॅगेत जाणारच. ग्रॅनाडात चढ नसलेला, लिफ्टवाली घरं मिळतील असा भाग कोणता?