हाताने वाढवलेल्या खारीला रानात सोडण्याची तयारी कशी करावी?

निवांत (प्रश्न)

नमस्कार. सात आठवड्यांपूर्वी एका छाटलेल्या फांदीबरोबर खारीचे पिल्लू खाली आले. तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि अंगावर जेमतेम लव होती. आई येऊन उचलून नेईल या आशेने आम्ही त्याला उबदार कापडात गुंडाळून त्याच बुंध्याशी ठेवले आणि दिवस मावळेपर्यंत लांबून लक्ष ठेवले, पण ती फिरकली नाही. वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राकडे विचारणा केली असता तेथे जागा नव्हती. मात्र काय पाजावे आणि काय टाळावे हे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यानुसार गायीचे दूध न देता, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दूधभुकटीवर, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब पाजत हे पिल्लू वाढले. आता दूध जवळजवळ सुटले आहे आणि ती बिया, फळांच्या फोडी व कोवळी पाने खाते.

गेल्या आठवड्यात तिने एक आख्खा अक्रोड तोंडात धरून टॉवेलच्या घडीत नेला, पुढच्या पायांनी घडी उकरली, अक्रोड नाकाने आत दाबला, वरून कापड ओढून दोन्ही पंजांनी थोपटले आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात ती माझ्या बाहीत येऊन झोपली. हे तिला कोणीही शिकवलेले नाही. ते पाहिल्यापासून तिला घरात ठेवणे मला पटेनासे झाले आहे. घरच्यांचे म्हणणे मात्र असे, की ती आता माणसाळली आहे आणि बाहेर चार दिवसही टिकणार नाही. ती खांद्यावर बसते, हाक मारली की येते आणि घरातल्या मांजरीलाही फारशी घाबरत नाही. तिला सोडण्याची वेळ केव्हा येते, आणि त्याआधी नेमके काय करावे?

पानगळ

सर्वप्रथम जात निश्चित करून घ्या आणि आपल्याकडचा कायदा काय सांगतो ते त्या केंद्राला विचारा. बहुतेक देशांत वन्य प्राणी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि काही ठिकाणी तो सोडण्यावरही बंधन असते. राखाडी खारीचेच पाहा: तिच्या मूळच्या उत्तर अमेरिकेत तिला वाढवून सोडणे ही नेहमीची गोष्ट आहे, तर ब्रिटनमध्ये ती परकी आक्रमक प्रजाती ठरल्यामुळे सुटका केलेली राखाडी खार पुन्हा रानात सोडता येत नाही.

जात कळल्यावर वय आणि वजन यांचा अंदाज बांधता येतो. राखाडी खारीच्या पिल्लाचे डोळे साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात उघडतात आणि दूध दहाव्या आठवड्याच्या सुमारास सुटते. पूर्ण वाढलेली राखाडी खार ४०० ते ६०० ग्रॅम भरते, तर पाठीवर पट्टे असलेली लहान खार शंभर ग्रॅमच्या आसपासच असते. त्यामुळे एकीचे आकडे दुसरीला लावू नयेत. दूध सुटले म्हणजे सोडण्याची वेळ झाली असे मात्र मुळीच नाही. हाताने वाढवलेल्या पिल्लाला त्यानंतर निदान महिनाभर तरी बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यात काढावा लागतो, आणि खरी तयारी तिथेच होते.

हा पिंजरा जिथे सोडायचे त्याच ठिकाणी, झाडांच्या सावलीत असावा. उंची माणूस आत उभा राहील इतकी ठेवावी, कारण खारीला लांबीपेक्षा उंचीचा उपयोग अधिक असतो. जाळी धातूची आणि अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकांची नसावी. मोठ्या भोकांतून साप आणि उंदीर आत येतात, शिवाय मांजराचा पंजा आत शिरतो. तळालाही जाळी हवी. छपराचा अर्धा भाग झाकलेला व अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे ऊन, वारा आणि पाऊस या तिन्हींची तिला ओळख होते. आत सालीसकट फांद्या आडव्यातिडव्या बांधाव्यात आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांची जागा बदलावी. घरात पडद्यावर चढणारी खार हलत्या, बारीक फांदीवर पहिल्यांदा गेली की चक्क धडपडते. तिचे मागचे घोटे उलटे वळतात म्हणून ती डोके खाली करून सरळ बुंध्यावरून उतरू शकते, परंतु ते अंगवळणी पडायला खडबडीत साल मिळावी लागते.

वरच्या बाजूला लाकडी पेटी टांगा. घरटे तयार करून देऊ नका; सुकी पाने, गवत आणि सालीचे तंतू पिंजऱ्यात टाकून ठेवा. ती तोंडात पाने कोंबून फेऱ्या मारू लागली, की एक मोठा टप्पा पार पडला असे समजा.

शेवरी

पिंजऱ्याविषयी वर लिहिलेले सर्व योग्यच आहे. माझा अनुभव मात्र असा, की खारीपेक्षा तिला वाढवणाऱ्याचीच तयारी कमी पडते. आपण लिहिलेल्या चार गोष्टींपैकी अक्रोड पुरण्याची तेवढी बाहेर उपयोगाची आहे. खांद्यावर बसणे, हाकेला येणे आणि मांजरीला न घाबरणे या तिन्ही बाहेर घातक ठरू शकतात. अनोळखी माणसाच्या अंगावर वरून खार उतरली, तर तो कौतुक करीलच असे नाही. तिला बाहेरच्या पिंजऱ्यात हलवल्या दिवसापासून हातात घेणे, बोलणे आणि हाक मारणे पूर्ण थांबवावे. अन्न हातातून न देता ती पेटीत असताना ठेवून यावे. मांजर तिच्या नजरेसही पडू नये. मांजर पिंजऱ्याजवळ आलीच तर तिला गोंजारून नव्हे, हुसकावून लावावे, म्हणजे हा प्राणी नकोसा आहे हे खारीलाही दिसते.

शक्य असल्यास त्या केंद्राकडे तिच्याच जातीचे, साधारण तिच्याच आकाराचे दुसरे अनाथ पिल्लू आहे का, हे अवश्य विचारा. एकट्या वाढलेल्या पिल्लाला खार म्हणजे काय हेच ठाऊक नसते. दोन पिल्ले एकत्र आली की झटापट, पाठलाग आणि धोक्याची चिकचिक सुरू होते; एक ओरडली की दुसरी खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन चिकटून बसते. आपण कितीही प्रयत्न केला तरी हे आपल्याला शिकवता येत नाही. एकत्र करण्यापूर्वी नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळे ठेवावे, म्हणजे एकीचा आजार दुसरीला लागत नाही.

माझी एक चूक सांगते. पहिल्या खारीच्या वेळी मला सायंकाळी वेळ मिळाला, म्हणून मी सायंकाळीच पिंजऱ्याचा झरोका उघडला. ती बाहेर पडली, अंधार झाला, तिला पेटीकडे परतण्याची वाट सापडली नाही आणि रात्री पाऊस आला. सकाळी ती कुंपणाच्या खांबाशी भिजून, थरथरत बसलेली आढळली. ती वाचली, पण पुन्हा तीन आठवडे पिंजऱ्यात काढावे लागले. तेव्हापासून मी सकाळीच आणि पुढचे तीन-चार दिवस आकाश निरभ्र राहणार असेल तरच झरोका उघडते. झरोका वरच्या बाजूला, ती सहज मावेल इतकाच असावा आणि तो लगेच बंद करू नये. तिने स्वतःहून बाहेर जावे, स्वतःहून परत यावे. पहिले काही दिवस बहुतेक खारी रात्री पेटीतच येतात. तिला पकडून फांदीवर नेऊन ठेवण्याचा मोह टाळा.

कुंपण

पशुवैद्यकाच्या दृष्टीने थोडेसे. आपण आहारात बियांचा उल्लेख प्रथम केला आहे, तेथे मला शंका येते. सूर्यफुलाच्या बिया, मका आणि शेंगदाणे खारी आवडीने खातात. पण त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडे असते. यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. सुरुवातीला ते उडी मारताना कचरते, मग मागचे पाय ओढू लागते, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. अशी लक्षणे असलेली खार सोडू नये. आहारात हिरवा पाला, कळ्या व साल यांचे प्रमाण वाढवावे आणि कुरतडण्यासाठी समुद्रफेस (माकूळ या समुद्री प्राण्याचे चुनखडीसारखे आतले कवच) ठेवावा. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच बहुतांशी अडवते.

कवच न फोडलेली कठीण फळे रोज द्या; तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजावेच लागतात. ते नारिंगी-पिवळे दिसले तर घाबरू नका, तोच त्यांचा निरोगी रंग आहे. मांजरीचा दात लागल्याची नुसती शंका आली, तरी त्याच दिवशी उपचार करावेत. जखम टोचल्याएवढी दिसते, परंतु मांजरीच्या तोंडातील जिवाणू लहान प्राण्याला एक-दोन दिवसांत मारू शकतात.

निवांत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बियांविषयीची शंका रास्त निघाली. तिचा निम्म्याहून अधिक आहार सूर्यफुलाच्या बियांचाच होता. तो आजपासून बदलला आहे आणि उद्या तिला तपासणीस नेत आहे. केंद्राकडे एक मादी पिल्लू असून ते विलगीकरणानंतर देण्यास तयार आहेत. परवा साफसफाई करताना आमची खार माझ्या बोटाला चावली आणि पेटीत पळाली, तेव्हा घरच्यांना वाईट वाटले. एक शंका उरते. सोडल्यानंतर ती माझ्या अंगावर आलीच तर काय करावे?

शेवरी

चावली हे उत्तमच झाले. वयात येऊ लागलेली खार अशीच वागते, तिला रागावू नका. अंगावर आली तर हात वर करू नका, बोलू नका. जवळच्या बुंध्याला खांदा टेकवून स्थिर उभे राहा, म्हणजे ती आपली वाट धरते. खिशात काहीही खाण्याजोगे ठेवू नका. अन्न पेटीपाशी ठेवा, पहिले दोन-तीन आठवडे रोज आणि नंतर एक दिवसाआड करत कमी करा. ते तसेच पडून राहू लागले की बंद करावे. पेटी मात्र उतरवू नका आणि आत कोणी आहे का हे हात घालून पाहू नका. पेटीच्या तोंडाशी ताजी हिरवी पाने अडकलेली दिसली, तर ती आत राहते आहे.