पानं किती उघडली, की माणसं किती परतली?
वेबसाइटचे पेज व्ह्यूज, म्हणजे पानं उघडल्याची संख्या, वाढले की जाहिरातींचा पैसा आपोआप येतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जाहिरात ‘दिसली’ म्हणजे नेमकं काय, ते बघा: रूढ निकषानुसार तिचा निम्मा भाग सलग १ सेकंद पडद्यावर असला की झालं, व्हिडिओला २ सेकंद. तेवढ्यात वाचकाचा अंगठा पुढे सरकलेलाही असतो! यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन दिलं ते याचसाठी. भडक थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या छोट्या चित्रावर, लोक क्लिक करायचे आणि लगेच बाहेर पडायचे.

अर्थात वेळेचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. व्हिडिओ पाहण्याच्या वेळेची सरासरी काढताना ३ सेकंदांहून कमी वेळ पाहणारे वगळल्याने आपला आकडा फुगला होता, हे फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं.

वेबसाइट जाहिरातींऐवजी वाचकांच्या वर्गणीवर चालवायची असेल तर मी आधी एकच बघेन: महिन्याभरात तोच वाचक कितीदा परत आला. जो न्यूजलेटर उघडतो, शेवटपर्यंत वाचतो, एखादी चूक आवर्जून कळवतो, तोच पैसे देण्याची शक्यता जास्त. आणि नेमक्या त्याच्याच तोंडावर चार पॉप-अप आदळून त्याला पिटाळलं जातं, हे मला खरंच बघवत नाही.