रक्तपेढ्यांमध्ये 'नॅट' चाचणी सक्तीची करावी का?

धंतोलीकर
मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची (वारंवार रक्त चढवावे लागणारा आनुवंशिक रक्तविकार) चार बालके रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे समोर आले. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस आणि मलेरियाची तपासणी बंधनकारक आहे. मात्र प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी एचआयव्हीची लागण झाल्यानंतर सुमारे तीन आठवडे निर्दोष निकाल देऊ शकते. नॅट (न्यूक्लिक ॲसिड टेस्ट) थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधत असल्याने हा काळ दहा-अकरा दिवसांवर येतो. ज्या बालकाला दर दोन-चार आठवड्यांनी नव्या दात्याचे रक्त चढते, त्याचा धोका प्रत्येक पिशवीबरोबर वाढत जातो. म्हणून ही चाचणी कायद्यानेच सक्तीची व्हावी.

रक्तपेढी तंत्रज्ञ
मी असहमत आहे. नॅटनेही काही दिवस उरतातच, आणि ते दिवस यंत्राने नव्हे, दात्याच्या खऱ्या उत्तरानेच भरून निघतात. शिबिराच्या मांडवात काय घडते ते पाहावे: एकाच टेबलाभोवती कार्यालयातील सहकारी उभे असतात, अर्जावर जोखमीच्या संबंधांचा प्रश्न असतो, आणि शेजारचा वाचत असताना कोण 'हो' लिहील? पडद्याआड दोन मिनिटांचे समुपदेशन केले, तर खर्च जवळपास शून्य. शिवाय गडचिरोलीच्या रक्तपेढीने नॅटचे यंत्र कोणत्या पैशातून घ्यावे? सक्ती झाली, तर लहान रक्तपेढ्या बंद पडतील आणि बाळंतिणीला रक्तच मिळणार नाही.

धंतोलीकर
पडद्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो उद्यापासून अमलात यावा. यंत्र मात्र गावोगावी नकोच. नमुने नागपूरला आणून एका प्रयोगशाळेत तपासता येतील. धंदेवाईक रक्तदाते १९९८ पासून बंद झाले, तेव्हाही रक्ताचा तुटवडा पडेल अशीच भीती घातली जात होती.

सिकलसेल रुग्णाची आई
नमुन्यांच्या प्रवासात दिवस गेला, तरी लाल पेशी महिनाभराहून अधिक टिकतात. अडचण पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेटची आहे. त्यामुळे पहिली सक्ती लाल पेशींपुरती, त्यातही आमच्यासारख्या वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांसाठी करावी. या मुलांना रक्त विनामूल्य मिळते, म्हणून चाचणीचा भार शासनाने उचलावा.

रक्तपेढी तंत्रज्ञ
एवढ्या मर्यादेत माझा विरोध नाही. मात्र निकाल येईपर्यंत पिशवी कोणाच्याही दबावाखाली सोडली जाणार नाही, हेही त्याच आदेशात लिहिले पाहिजे.