मदत हवी आहे: मुलगा लाँग स्नॅपर, मेमध्ये कॉलेज संपतंय. एनएफएलची वाट बघावी की नोकरी धरावी?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजगावात. धाकटा इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहे (आपला पायाचा फुटबॉल नाही, हेल्मेटवाला). टीम एफसीएसमधली, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या कॉलेजांच्या एक पायरी खाली. यंदा त्याचं शेवटचं वर्ष. नोव्हेंबरात सीनियर डेला (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोपाचा दिवस) आम्ही दोघं त्याच्या हाताला धरून मैदानात चालत गेलो, मी साडीवर जाडजूड जॅकेट चढवून. तेव्हापासून घरात एनएफएल (इथली व्यावसायिक फुटबॉलची सर्वांत मोठी लीग) की नोकरी, याशिवाय दुसरा विषय नाही.

त्याच्याबरोबरचे चार सीनियर दर रविवारी आमच्याकडेच जेवायला असतात, त्यामुळे सगळ्यांच्या कुंडल्या मला पाठ. लेफ्ट टॅकल साडेसहा फुटी आहे, त्याला बघायला ऑक्टोबरपासून स्काउट (एनएफएल संघांसाठी खेळाडू हेरणारे) येताहेत, त्याची काळजी नाही. रिसीव्हरच्या हातून चेंडू सुटत नाही, पण ४० यार्डांना ४.६ सेकंद लागतात आणि त्या एका दशांशापायी पोराची झोप उडालीय. क्वार्टरबॅकने आपण होऊन कोचिंगला जायचं ठरवलंय. लाइनबॅकरच्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. तो मेडिकल स्कूलच्या मुलाखतींची तयारी करतोय, आमच्याच डायनिंग टेबलवर. राहता राहिला आमचा.

आमचा लाँग स्नॅपर. म्हणजे पंट (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्या संघाला देणं) किंवा फील्ड गोल (चेंडू खांबांमधून मारून गुण मिळवणं) यांच्या वेळी ओणवा होऊन, दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा. बस, एवढंच काम. पंटला १५ यार्ड, पाऊण सेकंदात. फील्ड गोलला ७-८ यार्डच, पण चेंडूने हवेत किती गिरक्या घ्यायच्या तेही ठरलेलं, म्हणजे होल्डरच्या (किकरसाठी चेंडू जमिनीवर धरणाऱ्याच्या) हातात पडताना चेंडूवरची लेस बरोबर समोरच्या बाजूला येते, किकरच्या पायाखाली नाही. बेसमेंटमध्ये जुनी गादी उभी करून तिच्यावर खडूने चौकोन काढलाय. चौकोनातला कापूस कधीच बाहेर आला, बाकी गादी नव्यासारखी आहे. हे स्टॉपवॉच घेऊन जिन्यावर बसतात. चार वर्षांत स्टेडियमच्या माइकवर त्याचं नाव एकदाच ऐकलं, स्नॅप पंटरच्या डोक्यावरून गेला तेव्हा.

आता अडचण. इंजिनिअरिंगची नोकरी हातात आहे, रुजू व्हायची तारीख १ जून. प्रो डे (कॉलेजच्या मैदानावर स्काउटसमोरची परीक्षा) मार्चमध्ये, ड्राफ्ट (एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) एप्रिलअखेर. ३२ संघ, ७ फेऱ्या, अडीचशेच्या आसपास नावं. त्यात लाँग स्नॅपर आला तर आला. २०१५ मध्ये पेट्रियट्स संघाने नेव्हल अकॅडमीच्या जो कार्डोना या स्नॅपरला पाचव्या फेरीत घेतलं, तर त्याचंच लोकांना नवल. म्हणजे आमच्यासाठी रस्ता एकच: ड्राफ्ट संपल्यावर फोन यावा, नाहीतर मेच्या मिनी कँपला नुसतं आजमावून बघायला बोलावणं यावं. त्यात संघात स्नॅपरची जागा एक. शिकागो बेअर्सचा पॅट्रिक मॅनेली त्या एका जागेवर १६ सीझन टिकला. खुर्ची रिकामी व्हायची कधी?

एक एजंट मागे लागलाय, ‘तयारी’साठी साडेचार हजार डॉलर आधी भरा म्हणतो. ही रीत आहे का? कॅनडाची लीग सीएफएल किंवा इथली छोटी लीग यूएफएल, यांत स्नॅपरला कितपत वाव? आणि मुख्य म्हणजे कंपनीकडे तारीख वाढवून मागावी का? मागून असलेली नोकरी गेली तर?

कोचना विचारलं की ‘ग्रेट किड’ म्हणतात. ते मलाही माहीत आहे. आणि कृपया कर्ट वॉर्नर सांगू नका. दुकानात फळ्यांवर माल लावणारा पुढे सुपर बोल जिंकला, हे महिन्याभरात अकरा जणांनी सांगून झालंय.

प्रतिसाद (टेक्सास)
ताई, आधी एजंटाचं नाव खेळाडूंच्या संघटनेच्या, एनएफएलपीएच्या साइटवर शोधा. परवानाधारक असेल तर करारातल्या पैशांवर जास्तीत जास्त ३ टक्के, तेही पोराला पैसे मिळाल्यावर. वरच्या फेऱ्यांत जाणाऱ्यांच्या तयारीचा खर्च सहसा एजंटच करतो. स्नॅपर-किकरवर तो कोण करणार, घरच्यांच्याच खिशाला चाट. पण मग थेट ट्रेनरला द्या आणि पावती घ्या.

प्रतिसाद (टोरांटो)
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सीएफएल सोडा. ९ संघ, वर प्रत्येक संघात अमुक इतके कॅनडियन हवेतच अशी अट. स्नॅपरची जागा घरच्या पोराला दिली की त्यातला एक आकडा भरतो. यूएफएलचा सीझन मार्चअखेरीस सुरू होतो, म्हणजे विचार पुढच्या वर्षीचा.

प्रतिसाद (पुणे)
विकेटकीपरसारखंच आहे हो हे. सुटला तरच दिसतो. वाचतोय.

प्रतिसाद (न्यू जर्सी)
एचआरमध्ये आहे. अशा विनंत्या नेहमी येतात, त्यावरून ऑफर काढून घेतलेली मी तरी पाहिली नाही. फक्त मोघम लिहू नका, तारीख द्या: १ सप्टेंबर. ऑगस्टअखेर संघ ९० खेळाडूंवरून ५३ वर येतात, तोवर निकाल लागलेला असेल. आधीच परत आला तर लगेच रुजू होईन, हेही घालावं. आणि मेल त्याने लिहावी, तुम्ही नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटाचं नाव यादीत नव्हतं. विचारल्यापासून फोन उचलत नाही. मेल चिरंजीवांनी स्वतः लिहिली, मला पाठवल्यावर दाखवली. कंपनी १५ ऑगस्टपर्यंत थांबते म्हणाली, सप्टेंबरला नाही. म्हणजे नेमके शेवटचे दोन आठवडे कमी पडताहेत. ते आत्ताच मागून घ्यावेत का?

प्रतिसाद (न्यू जर्सी)
आत्ता अजिबात नको. ऑगस्टात तो कँपमध्ये टिकून असला तर कंपनीतला त्याचा मॅनेजरच प्रीसीझनची (सीझनआधीच्या सराव सामन्यांची) तिकिटं मागेल.